द्राक्षतोडणीच्या तारखा

मे १९६८च्या पहिल्या आठवड्यात पॅरिसमध्ये विद्यार्थी आणि पोलीस यांच्या चकमकी सुरू झाल्या होत्या. नेमक्या त्याच दिवसांत 'नूव्हेल ऑब्झर्व्हातर' या फ्रेंच साप्ताहिकात एका अडतीस वर्षांच्या इतिहासकाराचा लेख छापून आला. लेखकाचं नाव एमानुएल ल रुआ लादुरी. लेखाचा विषय रस्त्यावरचा गोंधळ नव्हता, कॉम्प्युटर होता. उद्याच्या इतिहासकाराला प्रोग्रामर व्हावं लागेल, नाहीतर तो शिल्लकच राहणार नाही, अशा अर्थाचं भाकीत त्याने त्यात केलं होतं.

मी पेशाने प्रोग्रामर आहे. बहुतेक इंजिनियरांप्रमाणे माझाही इतिहास दहावीला सुटला. त्यामुळे हे भाकीत वाचल्यावर पहिल्यांदा मला हसू आलं. इतिहास म्हणजे सनावळ्या, तह आणि त्याची पाच कारणं. त्यात प्रोग्रामरला काय काम? पण हा माणूस ज्या परंपरेतून आला होता ती वाचत गेलो, तेव्हा कळलं की फ्रान्समध्ये काही लोक १९२९पासून जे करत होते, ते माझ्या रोजच्या कामाच्या बरंच जवळचं आहे. आणि त्या कामात जी अडचण मला रोज दिसते, तिच्याशी ते माझ्या आधी चाळीस-पन्नास वर्षं झगडत होते.

आनाल घराणं

पहिल्या महायुद्धानंतर अल्सास प्रांत जर्मनीकडून फ्रान्सकडे आला आणि स्ट्रासबुर्गचं विद्यापीठ नव्याने उभं राहिलं. तिथे ल्युसिएँ फेव्र आणि मार्क ब्लॉक या दोन प्राध्यापकांच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. आजूबाजूला भूगोलवाले, समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ. जानेवारी १९२९मध्ये या दोघांनी एक नियतकालिक काढलं, आर्थिक आणि सामाजिक इतिहासाला वाहिलेलं. त्याच्या नावातला 'आनाल' हा शब्द पुढे या सगळ्या मंडळींना चिकटला. गाण्यात जसं घराणं असतं तसं हे इतिहासकारांचं घराणं म्हणता येईल. चीज तीच असली तरी गायकी निराळी.

त्यांचं भांडण होतं ते राजे, मुत्सद्दी आणि लढाया एवढाच इतिहास सांगण्याशी. भूतकाळात राहिलेल्या बहुसंख्य माणसांनी कधी तहावर सही केली नाही. त्यांनी नांगरलं, पेरलं, लग्नं केली, मुलं पुरली, कर भरला. त्यांचा इतिहास लिहायचा तर कुठून लिहायचा? त्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही.

ब्लॉकने शेतांच्या आकारापासून सुरुवात केली. फ्रेंच खेड्यांबद्दलच्या त्याच्या १९३१च्या पुस्तकात तो जमिनीचे नकाशे समोर ठेवून विचारतो की, उत्तरेकडची शेतं लांबच लांब, अरुंद आणि बिनकुंपणाची का, आणि दक्षिणेकडची आखूड, वेडीवाकडी का? उत्तरेत चाकांचा जड नांगर होता. तो वळवणं त्रासाचं, म्हणून एकदा लावला की लांबवर न्यायचा. दक्षिणेत हलका नांगर, हवा तसा वळणारा. पण ब्लॉक तिथे थांबत नाही. अरुंद पट्ट्यांच्या शेतात शेजाऱ्याने एक पेरलं आणि तुम्ही दुसरं, तर चालत नाही. पीक निघालं की सगळ्या गावाची गुरं सगळ्यांच्या रानात चरायला सुटतात. म्हणजे शेताचा आकार टिकतो तो नांगरामुळे आणि गावाच्या शिस्तीमुळे. राजे बदलले, घराणी बुडाली, पण तो बांध शेकडो वर्षं तिथेच राहिला.

पावाचा भाव

पुढची पायरी आकड्यांची. एर्नेस्त लाब्रूसने १९३३मध्ये अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या किमती आणि उत्पन्नांवर ग्रंथ लिहिला. त्याचा कच्चा माल होता बाजारभावांच्या नोंदी. धान्य महागलं की दंगे होतात हे सरकारला पक्कं माहीत होतं, म्हणून कारकून ठिकठिकाणच्या बाजारातले भाव टिपून ठेवत. इतिहासासाठी कुणी काही लिहीत नव्हतं. लाब्रूसने ते भाव रांगेत लावले. त्याच्या हिशेबात १७२६-४१च्या तुलनेत १७८५-८९पर्यंत किमती सुमारे ६५ टक्क्यांनी वाढल्या होत्या, आणि मजुरी जेमतेम २२ टक्क्यांनी.

त्यावर जुलै १७८८ची भयंकर गारपीट आली. पिकं झोपली. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव त्या ऑगस्टात साधारण नऊ सू या नाण्यांना मिळत होता, तो फेब्रुवारी १७८९मध्ये साडेचौदा सूंवर गेला. हमाली-मजुरी करणाऱ्याची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. घरात चार तोंडं असतील तर हिशेब तुम्हीच करा. लाब्रूसच्या आलेखात धान्याचा भाव शिखरावर पोचतो तो जुलै १७८९च्या मध्यावर, म्हणजे बास्तीयचा तुरुंग पडला त्याच दिवसांत.

याचा अर्थ क्रांती पावामुळे झाली असा नाही, आणि लाब्रूसही तसं सोपं समीकरण मांडत नव्हता. धान्य महाग याआधीही झालं होतं, तेव्हा राजवट पडली नव्हती. पण १४ जुलैला रस्त्यावर आलेल्या माणसाच्या पोटात काय होतं, हे आपल्याला एखाद्या भाषणातून कळलेलं नाही. ते कळलं बाजाराच्या कारकुनाकडून.

तीन रेषा

फ्रान्समध्ये १५३९च्या एका राजाज्ञेने पाद्रींना बाप्तिस्म्याची वही ठेवणं बंधनकारक झालं. पुढे लग्नं आणि दफनंही आली. १६६७पासून दोन प्रती ठेवायच्या होत्या. गावोगावच्या चर्चमध्ये या वह्या साचत गेल्या. १९५०च्या दशकात लुई आँरी या लोकसंख्याशास्त्रज्ञाने त्या वाचायची एक पद्धत बसवली. लग्नाच्या नोंदीतून एक कार्ड करायचं. त्या जोडप्याच्या मुलांचे बाप्तिस्मे शोधून त्यावर चढवायचे, मग दफनं शोधायची. एक घर पूर्ण झालं की पुढचं. डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही हे लगेच ओळखता येईल. तीन टेबलं, नाव आणि तारीख यांवर केलेला जॉइन. फरक इतकाच की तो हाताने केलेला होता, आणि एकाच गावात चार-चार जण एकाच नावाचे असत.

पिएर गुबेरने अशाच वह्या घेऊन उत्तर फ्रान्समधल्या बोव्हे शहराच्या परिसराचा सतराव्या शतकाचा अभ्यास केला. तो १९६०मध्ये छापून आला. त्यात कळतं की जन्मलेल्या मुलांपैकी साधारण निम्मीच वयात येत. आणि त्यात तीन रेषांचे आलेख आहेत. पहिली रेषा धान्याच्या भावाची, दुसरी मृत्यूंची, तिसरी गर्भधारणांची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या तारखेतून नऊ महिने वजा करून काढलेली. १६९३-९४च्या दुष्काळात पहिली रेषा चढते, तिच्या मागोमाग दुसरी चढते आणि तिसरी कोसळते. फ्रान्समध्ये त्या दोन वर्षांत दहा लाखांहून जास्त जादा माणसं मेली. चौदाव्या लुईचं दरबारी वैभव तेव्हा व्हर्सायमध्ये जोरात होतं.

आमच्या सिस्टिममध्ये लॉग नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जातात, कारण साठवायला पैसे पडतात. त्या वह्या तीनशे वर्षं टिकल्या. आपण कदाचित मानवी इतिहासातल्या सगळ्यात जास्त नोंदी करणाऱ्या पिढ्यांपैकी आहोत, पण त्यातलं काय उरेल हे ठरवणारी सेटिंग कुणीतरी खर्चाचा तक्ता बघून लावलेली असते. उद्याच्या गुबेरच्या हाती काय लागेल, हा प्रश्न मला आता ती सेटिंग पाहताना हमखास पडतो.

द्राक्षं केव्हा पिकली

आता पुन्हा ल रुआ लादुरी. दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोक प्रांतातल्या शेतकऱ्यांवरचा त्याचा ग्रंथ १९६६चा. जमीन-कराच्या आणि चर्चच्या दशमांश कराच्या नोंदींतून त्याने साधारण दोन शतकांचा एक प्रचंड श्वास दाखवला. माणसं वाढतात, जमिनीचे तुकडे पडत जातात, उत्पादन त्या मानाने वाढत नाही, आणि मग घसरण. शेतकरी आयुष्यभर राबतो आणि त्याला वाटतं की आपलंच नशीब फुटकं. दोनशे वर्षांच्या आलेखात त्याच्या शेजाऱ्यांचंही नशीब तसंच दिसतं.

पुढच्याच वर्षी त्याने हवामानाचा इतिहास लिहिला, सन १०००पासूनचा. थर्मामीटर नव्हता तेव्हाचं हवामान कसं कळणार? त्याने अनेक पुरावे वापरले, हिमनद्यांचे सुद्धा, पण मला भावला तो द्राक्षांचा. फ्रान्सच्या अनेक भागांत द्राक्षतोडणी कधी सुरू करायची हे गाव मिळून ठरवायचं आणि तारीख जाहीर व्हायची. कुणी आधी तोडू नये, चोरी होऊ नये, कर नीट गोळा व्हावा, एवढाच उद्देश. पण वसंत आणि उन्हाळा उबदार असेल तर द्राक्षं लवकर पिकतात, थंड असेल तर उशिरा. म्हणजे तारखांची ती यादी हा नकळत राखलेला तापमानाचा लॉग आहे. १८१५मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६चा उन्हाळा युरोपात आलाच नाही. त्या वर्षी तोडणी फार उशिरा झाली. मळेवाल्याला तांबोराचं नावही माहीत नसेल, पण त्याच्या वहीत तांबोरा आहे.

त्याची सावधगिरीही वाचण्यासारखी आहे. तोडणी उशिरा झाली म्हणजे थंडी होती असं तो लगेच म्हणत नाही. गिऱ्हाइकाला गोड वाइन आवडू लागली, म्हणून मालक मुद्दाम थांबले असतील तर? एका गावची यादी दुसऱ्या गावाशी ताडून बघायची, सगळीकडे एकदम सरकलं असेल तरच हवामान. शिवाय हवामानामुळे माणसांच्या इतिहासाला मोठं वळण लागलं असं दाखवता येत नाही, असं तो तेव्हा सांगत होता. पुढे, २००४पासून आलेल्या त्याच्या तीन खंडांत मात्र दुष्काळ, साथी आणि मृत्यू हवामानाशी जोडलेले दिसतात. त्याच २००४ साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांत तोही होता. बर्गंडीतल्या १३७०पासूनच्या तारखा लावून पाहिल्यावर सगळ्यात उष्ण ठरला तो २००३चा उन्हाळा. त्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसं उष्णतेने दगावली. त्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती.

मग माणूस गेला कुठे?

इथे मला माझी रोजची अडचण भेटते. आमच्या टीमच्या स्क्रीनवर दिवसभर रेषा हलत असतात. पेमेंट किती झाली, किती अडकली. अडकलेल्या अर्ध्या टक्क्याची रेषा सपाट असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. त्या अर्ध्या टक्क्यात कुणीतरी रात्री औषधाच्या दुकानात उभं असेल, हे रेषा सांगत नाही. ती खोटं बोलत नाही, फक्त तिला तेवढंच दिसतं.

ज्याने प्रोग्रामर व्हा म्हणून सांगितलं, त्याला हे लवकर उमगलं असावं. १९७२मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर एकोणिसाव्या शतकातल्या सैन्यभरतीच्या नोंदी कॉम्प्युटरवर घातल्या. आणि १९७५मध्ये त्याने जे पुस्तक काढलं त्यात एकही मोठा आलेख नाही. पुस्तकाचं नाव 'मोंताय्यू'. पिरेनीज पर्वतातलं हे चौदाव्या शतकातलं एक खेडं, वस्ती अडीचशेच्या आसपास. १३१८ ते १३२५ या काळात झाक फुर्निए नावाच्या बिशपने काथार पंथाच्या लोकांना हुडकून काढण्यासाठी या भागातल्या गावकऱ्यांच्या कसून जबान्या घेतल्या. हा बिशप पुढे पोप झाला आणि त्याची नोंदवही व्हॅटिकनमध्ये जपली गेली.

त्या जबान्यांत मेंढपाळ पिएर मोरी आहे. तो डोंगर ओलांडून मेंढरं नेतो आणि मैत्रीबद्दल, दैवाबद्दल बोलतो. गावचा पाद्री पिएर क्लेर्ग आहे, जो धर्मही चालवतो, गावावर दहशतही ठेवतो आणि अनेक बायकांशी संबंधही. बायका दारात बसून एकमेकांच्या आणि पुरुषांच्या उवा काढतात आणि त्याच वेळी नरक-स्वर्गाच्या गप्पा मारतात. हे पुस्तक फ्रान्समध्ये तुफान खपलं. पण लक्षात ठेवायला हवं की ही माणसं आपल्याशी मोकळेपणी बोलत नाहीयेत. ती ज्याच्यासमोर बोलतायत, त्याच्या हातात त्यांना तुरुंगात टाकायची, जाळायची सत्ता आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांना अशा कागदांची जात माहीत असेल. वहीला वाचा आहे, पण ती कुणी कशासाठी लिहून घेतली हे विसरून चालत नाही. बाजारभावांच्या बाबतीतही हेच खरं होतं, इथे ते अंगावर येतं.

१९४०: एक पराभव, दोन वह्या

संथ इतिहासात एकट्या माणसाचं काय, हा प्रश्न या घराण्यात त्याआधीच उभा राहिला होता, आणि तो पुस्तकी नव्हता. मे-जून १९४०मध्ये जर्मनीने सहा आठवड्यांत फ्रान्स पाडला. तेव्हा घराण्यातले दोघे जण सैन्यात होते.

पहिला फेर्नां ब्रोदेल. तो अल्जीरियात शाळामास्तर होता, नंतर ब्राझीलमध्ये प्राध्यापक. एका अमेरिकन कॅमेरामनकडून घेतलेल्या जुन्या सिनेमाच्या कॅमेऱ्याने तो युरोपच्या दप्तरखान्यांत दिवसाला दोन-तीन हजार कागदांचे फोटो काढायचा, आपण आज फोनने काढतो तसे. १९४०मध्ये तो कैद झाला आणि पाच वर्षं जर्मन छावण्यांत राहिला, आधी माइन्झ, मग ल्युबेक. तिथे जवळजवळ निव्वळ आठवणीवर त्याने भूमध्य समुद्रावरच्या आपल्या प्रबंधाचा खर्डा शाळकरी वह्यांमध्ये लिहिला आणि वह्या फेव्रकडे पाठवत राहिला. तो ग्रंथ १९४९मध्ये आला. त्यात काळाचे तीन थर आहेत. तळाशी डोंगर, समुद्र, ऋतू यांचा जवळजवळ न हलणारा काळ. त्यावर व्यापार, राज्यं, किमती यांची संथ भरती-ओहोटी. अगदी वर लढाया आणि राजे.

आपल्या किनाऱ्याशी जोडलेलं एक उदाहरण त्यात आहे. शाळेत आपण १४९८ पाठ करतो. वास्को द गामा कालिकतला आला, नवा मार्ग सापडला, जुना संपला. ब्रोदेल दाखवतो की जुना मार्ग संपला नाही. पोर्तुगीज १५१०पासून गोव्यात ठाण मांडून बसले असतानाही सोळाव्या शतकाच्या मध्यावर मिरी पुन्हा तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसला भरभरून जात होती. जुन्या वाटा एका तारखेने मरत नाहीत.

छावणीत रोज रेडिओवरून पराभवाच्या, विजयाच्या बातम्या आदळत होत्या. त्या बातम्यांच्या पलीकडे बघणं ही तेव्हा आपली गरज होती, असं ब्रोदेलने पुढे स्वतःच सांगितलं आहे. १९५८मध्ये त्याने या दृष्टीला नाव दिलं, 'लाँग द्युरे', दीर्घ काळ.

दुसरा मार्क ब्लॉक. वय त्रेपन्न, सहा मुलं, पहिल्या महायुद्धात लढून झालेला. तरीही तो कॅप्टन म्हणून पुन्हा दाखल झाला. फर्स्ट आर्मीचा पेट्रोलपुरवठा त्याच्याकडे होता. पराभवानंतर त्या उन्हाळ्यातच त्याने एक छोटं पुस्तक लिहून काढलं. शेतांच्या आकारातून शतकं वाचणारा हा माणूस त्यात फक्त काही आठवड्यांबद्दल लिहितो. सेनापतींना वेग कळला नव्हता, ते मागच्याच युद्धाच्या डोक्याने नकाशे बघत होते. आणि आपल्या पिढीच्या प्राध्यापकांनी धोका दिसत असूनही आपापल्या अभ्यासिकेत बसणं पसंत केलं, त्यांत मीही आहे, असं तो लिहितो. तो पराभव दीर्घ काळाच्या खात्यावर टाकत नाही.

ब्लॉक ज्यू होता. १९४१मध्ये जर्मनव्याप्त पॅरिसमधून 'आनाल' चालू ठेवायचं तर मालक म्हणून ज्यू माणसाचं नाव चालणार नव्हतं. नियतकालिक जगलं पाहिजे असं फेव्रचं म्हणणं. ब्लॉकने आधी विरोध केला, मग मानलं आणि तो 'फुजेर' या टोपणनावाने लिहू लागला. वीस वर्षांची शिस्त, मैत्री, एक नियतकालिक आणि कब्जा केलेलं सैन्य. यात कोण बरोबर हे ठरवायला माझ्याकडे आलेख नाही.

पुढे तो लिआँमध्ये भूमिगत चळवळीत गेला. ८ मार्च १९४४ला पकडला गेला, त्याचा छळ झाला आणि १६ जून १९४४ला त्याला इतर कैद्यांबरोबर गोळ्या घालण्यात आल्या. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरून दहा दिवस झाले होते. पराभवावरचं पुस्तक १९४६मध्ये छापलं गेलं. इतिहासकाराच्या कामावरचं अर्धवट राहिलेलं दुसरं हस्तलिखित फेव्रने १९४९मध्ये छापलं, ब्रोदेलचा ग्रंथ आला त्याच वर्षी. नोव्हेंबर २०२४मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ब्लॉकला पाँथिऑनमध्ये स्थान देण्याची घोषणा केली.

दोघांनी एकच पराभव पाहिला. ब्रोदेलला तगून राहायला संथ काळाचा आधार झाला, आणि त्यातून आपल्याला भूमध्य समुद्र मिळाला. ब्लॉकला संथ काळ ब्रोदेलइतकाच, किंबहुना आधीपासून दिसत होता. शेताचा बांध शेकडो वर्षं हलत नाही हे त्यानेच शिकवलं. पण बांध हलत नाही म्हणून जून १९४०मध्ये कुणाची जबाबदारी कमी होते, असं त्याला वाटलं नाही.

आज आपल्यासमोर येणारा आलेख बहुधा तापमानाचा असतो. साडेसहाशे वर्षांच्या द्राक्षांच्या तारखा त्यात आहेत आणि शेवटची टोकं वर गेलेली आहेत. तो बघून एक थकवा येतो, की एवढ्या मोठ्या रेषेपुढे मी काय करणार. असं वाटलं की मी ब्लॉकचं ते १९४०चं पुस्तक उघडतो. त्यात एक इतिहासकार सहा आठवड्यांचा हिशेब मांडतो, आणि चुकलेल्यांच्या यादीत स्वतःचंही नाव लिहितो.